हल्ली मुक्काम: ‘प्रेझेंटली’, ‘सध्या’ आणि कर्जत-खालापूरचे निसटते वर्तमान

1883 साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये कर्जत शोधायला गेलेला वाचक रिकाम्या हाताने परततो. त्यात माथेरान नाही आणि कोंडाण्याची लेणीही नाहीत. कर्जत तालुका त्या काळी ठाणे जिल्ह्यात होता, म्हणून त्याची हकिकत 1882 च्या ठाणे खंडांत आहे. कर्जत कुलाब्याला जोडले गेले ते 1891 साली. खालापूर तेव्हा कर्जतचा महाल होता, स्वतंत्र तालुका तो पुढे झाला. 1 जानेवारी 1981 रोजी कुलाब्याचे नाव रायगड झाले.

इथपर्यंत सारे सरळ आहे. घोटाळा सुरू होतो तो एका क्रियाविशेषणापाशी. गॅझेटिअर लिहिणारा इंग्रज अधिकारी ‘ॲट प्रेझेंट’ म्हणतो, त्याचा मराठी अनुवादक ‘सध्या’ म्हणतो, आणि आजचा उत्साही इतिहासप्रेमी तो ‘सध्या’ जसाच्या तसा उचलून आपल्या लेखात ठेवतो. वाचणारा मोबाइलवर 2020 नंतरच्या जगात बसलेला असतो. त्याला वाटते, हे आत्ताचे वर्णन आहे. दीडशे वर्षांपूर्वीचे वर्तमान असे गुपचूप आजच्या वर्तमानात येऊन बसते.

स्थानिक इतिहासाच्या लेखनात सनावळीच्या चुका होतात, त्या कोणीतरी दाखवून देतो आणि त्या दुरुस्तही होतात. तारीख नसलेल्या ‘सध्या’ची चूक मात्र कोणाला दिसत नाही, कारण हा शब्द लिहिला त्या दिवशी तो खराच होता. म्हणूनच तो अधिक धोक्याचा आहे.

इंग्रजीतील ‘प्रेझेंटली’ या शब्दाची कुळकथा इथे उपयोगी पडेल. चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा अर्थ ‘या घडीला’ असा होता. पुढे तो ‘ताबडतोब’ या अर्थी रुळला. शेक्सपिअरच्या काळात ‘प्रेझेंटली’ येतो म्हणणारा माणूस उठून निघालेला असे. मग माणसांच्या स्वभावाने शब्दावर मात केली. ताबडतोब येतो म्हणणारे उशिरा येऊ लागले आणि शब्दाचा अर्थ ढिला होत होत ‘थोड्या वेळाने’ इथवर आला. ‘या घडीला’ हा जुना अर्थ ग्रंथलेखनातून हटला, तरी स्कॉटलंडमध्ये आणि बोलीत टिकून राहिला आणि विसाव्या शतकात पुन्हा जोरात आला. इंग्लंडमधील भाषाशुद्धीवाद्यांनी त्यावर नाके मुरडली. भारतात मात्र सरकारी इंग्रजीने हाच अर्थ पक्का केला आहे. अर्जात ‘प्रेझेंटली रिसायडिंग ॲट’ लिहिणाऱ्या कारकुनाला ‘थोड्या वेळाने राहणार’ असे म्हणायचे नसते.

या एकाच शब्दाचे हे दुर्दैव नाही. इंग्रजीतील ‘सून’ हाही मुळात ‘तत्काळ’ या अर्थाचा, आणि ‘अनॉन’ही. दोघेही आळसावले.

मराठीने यावर हसण्याचे कारण नाही. ‘सध्या’चे मूळ संस्कृत ‘सद्यः’मध्ये सांगतात. ‘सद्यः’ म्हणजे त्याच दिवशी, तत्क्षणी. त्या तत्क्षणाचे मराठीत काय झाले, हे ‘सद्यःस्थिती अहवाल’ नावाचा कागद ज्याने कचेरीत वाट पाहून मिळवला आहे त्याला ठाऊक असते. ‘तूर्त’चे नाते त्वरेशी, आज ‘तूर्त राहू द्या’ म्हणजे त्वरा करू नका. ‘आत्ता’ एवढा एकच काय तो अजून तिखट राहिला आहे, आणि तोही ‘आत्ता येतो’ या वाक्यात सापडला की बोथट होतो. ‘आलोच’ हे तर भूतकाळी रूप; जो अद्याप घरातून निघालेलाही नाही तो ते वापरतो!

‘एवढ्यात’ हा शब्द थेट ‘प्रेझेंटली’चा सख्खा भाऊ शोभेल. ‘तो एवढ्यात दिसला नाही’ यात तो मागे पाहतो, ‘तो एवढ्यात येईल’ यात पुढे. ‘परवा’ तर दोन्ही बाजूंना एकेक दिवस सोडून उभा आहे. बोलताना यात अडत नाही, कारण बोलणारा समोर असतो आणि त्याचा ‘आज’ ऐकणाऱ्याचाही ‘आज’ असतो. लिहिले की हा आधार सुटतो. लिहिणाऱ्याचा आज कागदावर राहतो आणि वाचणारा आपला आज घेऊन येतो.

या सगळ्या कुटुंबात ‘हल्ली’ हा शब्द सर्वांत मनोरंजक. तो फारसीच्या वाटेने आलेला अरबी ‘हाल’. ‘हाल’ म्हणजे अवस्था, चालू स्थिती. मराठीने या एकाच मुळापासून दोन शब्द घडवले. चालू काळासाठी ‘हल्ली’, आणि अवस्थेसाठी ‘हाल’, ज्याचा अर्थ पुढे सरळ कष्ट, दुर्दशा असाच झाला. ‘बहाल करणे’ हाही त्यांचा नातलग: पूर्वस्थितीवर आणणे. ज्या भाषेत चालू काळ आणि दुर्दशा एकाच बीजातून उगवतात, तिच्या बोलणाऱ्यांच्या अनुभवाविषयी काही अंदाज बांधता येईल. पण व्युत्पत्तीवरून समाजशास्त्र काढण्याचा मोह आवरलेला बरा.

निजामाच्या राज्यातील चलनाला ‘हाली सिक्का’ म्हणत. हाली म्हणजे चालू. मराठवाड्यातील जुन्या खरेदीखतांत रकमा त्या सिक्क्यात लिहिलेल्या सापडतात. तो चालू रुपया केव्हाच बंद झाला, आता तो नाणेसंग्राहकांच्या पेटीत असतो, आणि तिथेही त्याचे नाव ‘चालू’ असेच आहे.

मराठेशाहीच्या दफ्तरांत ‘हल्ली’ पदोपदी भेटतो. कोणी वतनदार हुजूर येतो, पूर्वीची हकिकत सांगतो, मग ‘हल्ली’ असे म्हणून आजचे गाऱ्हाणे मांडतो. पूर्वी काय होते आणि आता काय झाले, यांच्यामधली खूण म्हणून तो शब्द उभा असतो. महत्त्वाची गोष्ट अशी की त्या कागदाच्या माथ्यावर सुहूर सन असतो आणि पायथ्याशी ‘छ’ अक्षरापुढे चंद्रतारीख असते. त्या दोन खुंट्यांना बांधलेला ‘हल्ली’ कुठेही वाहून जात नाही. तीनशे वर्षांनी वाचणाऱ्यालाही तो नेमका कोणता ‘हल्ली’ हे कळते. कारकुनी शिस्तीची थट्टा करण्याची पद्धत आहे, पण या बाबतीत पेशवाईतला फडावरचा कारकून आजच्या इतिहासलेखकापेक्षा जागरूक होता.

त्याच शिस्तीतून ‘हल्ली मुक्काम’ हा प्रयोग आजही जिवंत आहे. न्यायालयातील दावे, पोलिसांचे जबाब, खरेदीखते, सगळीकडे माणसाच्या नावापुढे आधी ‘राहणार’ आणि मग ‘ह. मु.’ येते. पहिले गाव मुळाचे, दुसरे पोटाचे. इंग्रजीतला ‘प्रेझेंटली’ आणि ‘परमनंट’ यांचा जो जोड अर्जावर छापलेला असतो, त्याचा हा देशी अवतार. ‘ह. मु.’ या दीड अक्षरात स्थलांतराचा केवढा इतिहास मावलेला असतो!

हे सारे कर्जत-खालापूरच्या संदर्भात का सांगायचे? कारण वर्तमान इतक्या वेळा बदललेला मुलूख कोकणात विरळा.

रेल्वेच घ्यावी. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1856 साली घाटाच्या पायथ्याशी पोचला आणि खोपोलीला थांबला. इंग्रजी कागदांत या गावाचे ‘कॅम्पूली’ झालेले असते. 1858 मध्ये वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला बोरघाट उतारूंनी पालखीतून, तट्टावरून किंवा गाडीतून ओलांडायचा. ‘रेल्वे सध्या खोपोलीपर्यंत जाते’ हे वाक्य त्या काळी अगदी बरोबर होते आणि त्याच आधारावर कोणी खोपोलीत धर्मशाळा बांधली असती, कोणी पालख्यांचा धंदा उभारला असता, तर त्याला मूर्ख म्हणता आले नसते. 21 एप्रिल 1863 रोजी घाटाचा मार्ग उघडला. खोपोली मुख्य रस्त्यावरून बाजूला पडून एका फाट्याचे टोक झाली, आणि घाट चढण्यापूर्वी गाडीला मागून जादा इंजिने जोडण्याचे ठाणे म्हणून कर्जतचे महत्त्व वाढले. खोपोलीचा ‘सध्या’ सात वर्षे टिकला.

तिचे पुढचे वर्तमान वेगळेच निघाले. नाना फडणविसांच्या तलावासाठी आणि महादेवासाठी ओळखले जाणारे हे गाव 1915 पासून टाटांच्या जलविद्युत केंद्राचे गाव झाले. लोणावळ्याच्या बाजूला अडवलेले पाणी नळांतून खाली खोपोलीत पडू लागले आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या.

माथेरानची कथा आणखी बोलकी आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली तिथे चढून गेला. 1882 च्या ठाणे खंडांत जी ‘सध्या’ची चढण आहे ती घोड्यावरची आणि पालखीतली. 1907 साली नेरळहून छोटी गाडी सुरू झाली आणि ते वर्णन एका दिवसात जुने झाले. पण या छोट्या गाडीने ‘सध्या’चा खरा धडा पुढे दिला. 2005 च्या जुलैतील अतिवृष्टीत तिचा मार्ग उखडला, 2007 मध्ये ती पुन्हा धावली. 2016 मध्ये डबे घसरल्याने बंद झाली, पुन्हा सुरू झाली. 2019 च्या पावसाने मार्ग वाहून गेला, 2022 च्या ऑक्टोबरात ती पुन्हा चालू लागली. शिवाय दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो आणि वर अमन लॉज ते माथेरान एवढी गाडी चालते. या प्रत्येक खंडात ‘माथेरानची गाडी सध्या बंद आहे’ असे लेख लिहिले गेले असणार, आणि ते सर्व अजून शोधाच्या पहिल्या पानावर येऊ शकतात. सहलीला निघालेला माणूस त्यांतला कोणता खरा मानणार?

सहल बुडाली तर फारसे बिघडत नाही. माणसांच्या बाबतीत बिघडते.

गॅझेटिअरच्या जुन्या खंडांत जमातींची वर्णने आहेत. ती सर्व वर्तमानकाळी आहेत: अमुक लोक असे राहतात, हे खातात, असा धंदा करतात. जणू त्यांना काळच नाही. कातकऱ्यांचे नावच कात पाडण्याच्या धंद्यावरून पडले. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलावर सरकारी निर्बंध आले, तो धंदा हातचा गेला, नाव राहिले. धंदा गेल्यानंतर हेच लोक कोळशाच्या भट्ट्यांवर, शेतांवर आणि मग वीटभट्ट्यांवर राबू लागले. आज कर्जत आणि खालापूरच्या वाड्यांतून दिवाळी उलटली की कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. तरीही त्यांच्यावरच्या हौशी लेखांत अजून ‘ते जंगलात कंद खोदून राहतात’ अशी वाक्ये दिसतात. हे 1882 चे वर्तमान आहे, तेही एका परक्या अधिकाऱ्याने पाहिलेले. ज्याला स्वतःचा इतिहास लिहिता आला त्याचे वर्णन भूतकाळात होते; ज्याला तो लिहिता आला नाही त्याला कायमच्या ‘सध्या’त डांबले जाते. हा व्याकरणाचा प्रश्न राहत नाही.

या लोकांचा ‘हल्ली मुक्काम’ वर्षातून दोनदा बदलतो. पाहणीला आलेल्या माणसाने जानेवारीत वाडीवर येऊन ‘सध्या राहत नाहीत’ असे टिपले, तर ते त्या दिवसापुरते खरे असते. पण त्या टिपणावरून पुढे शिधापत्रिका, मतदारयादी, घरकुल असे सगळे ठरू लागले की त्या एका शब्दाने एक घर पुसले जाते. त्यातून अनेक वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नावावरील जमिनीवर उभ्या आहेत. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि चूल दुसऱ्याची. तिथे ‘मूळ राहणार कुठले’ या रकान्यात लिहायचे तरी काय?

कायद्याने या शब्दाची लबाडी एकदा नीट ओळखली होती. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम 1948 चा. कसेल त्याची जमीन हे तत्त्व मांडणे सोपे होते. अडचण अशी की ‘सध्या कसणारा’ असे म्हटले तर मालक आज कुळाला काढून उद्या स्वतःला कसणारा म्हणवणार. म्हणून पुढे एक दिवस नेमला गेला: 1 एप्रिल 1957, कृषक दिन. त्या दिवशी जो कायदेशीर कूळ म्हणून जमीन कसत होता, तो, अर्थात कायद्यातील अटींना आणि अपवादांना धरून, जमीन विकत घेतल्याचे मानला जाणार होता. पळवाटा राहिल्या, निघाल्या, पुष्कळ कुळे कागदावर नसल्यामुळे हरलीही. परंतु रायगडच्या भातखाचरांत आज जे शेतकरी स्वतःच्या नावाचा उतारा दाखवू शकतात, त्यांच्यापैकी अनेकांचे भाग्य त्या एका तारखेला बांधलेले आहे. ‘सध्या’ने ते त्यांना कधीच मिळवून दिले नसते.

आणि मग 19 जुलै 2023 ची रात्र येते. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या अंगावरची इर्शाळवाडी, ठाकूर समाजाची वस्ती, दरडीखाली गेली. 23 जुलैला शोधकार्य थांबवण्यात आले तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 माणसे बेपत्ता होती. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे सरकारकडून विधानसभेत सांगण्यात आले. त्यावर पुष्कळ संताप झाला आणि तो रास्तही होता. पण यादी हा प्रकार काय असतो, हेही पाहायला हवे. धोकाग्रस्त गावांची यादी म्हणजे एका दिवशी, एका पाहणीत, त्या वेळच्या निकषांनी काढलेले वर्तमान. डोंगर पाऊस पितो, माती सैल होते, उतारावरची झाडी बदलते. यादी तिथेच राहते. तिच्यावर पाहणीची तारीख ठळक नसेल आणि पुन्हा पाहणी कधी याची तारीख तर नसेलच, तर वाचणारा अधिकारी ती ‘सध्याची’ समजून निर्धास्त राहतो. त्यात दुष्टपणा असावाच लागत नाही.

वाचलेल्यांना चौकजवळ कंटेनरच्या निवाऱ्यांत ठेवण्यात आले. त्याला शब्द ‘तात्पुरते’. त्यांचा पत्ता जुन्या पद्धतीने लिहायचा तर ‘राहणार इर्शाळवाडी, हल्ली मुक्काम चौक’ असा झाला असता. ‘राहणार’च्या पुढचे गाव दगडमातीखाली आणि ‘हल्ली’च्या पुढचे गाव एका पत्र्याच्या पेटीत. मराठी कागदपत्रांच्या दीर्घ परंपरेत या दोन रकान्यांवर इतका भार क्वचितच पडला असेल.

काही जाणकार म्हणतील की भाषेकडून एवढी अपेक्षा करू नये. प्रत्येक वाक्याला तारीख जोडत बसले तर ललित गद्य मरेल, गप्पा तर त्याआधीच. आक्षेपात तथ्य आहे. कोणी ‘हल्ली पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही’ म्हटले, तर त्याला हवामानखात्याची नोंद मागणे हा निव्वळ आगाऊपणा ठरेल. त्या ‘हल्ली’त एका पिढीचा उसासा असतो आणि तो तसाच ऐकायचा असतो. शिथिलता हा या शब्दांचा गुणही आहे. मात्र इतिहास सांगतो असे म्हणून जो लिहितो, गावाची माहिती, किल्ल्याची वाट, जमातीची रीत, धरणाची स्थिती मांडतो, त्याला ही सवलत नाही. समाजमाध्यमांवर तर मुळीच नाही. तिथे मूळ नोंदीखाली दिवस-वेळ असते खरी, पण मजकूर एका हातातून दुसऱ्या हातात गेला की पहिल्याच फेरीत लेखकाचे नाव आणि दिनांक गळून पडतात. उरतो तो मजकूर आणि त्यातला बेवारस ‘सध्या’.

उपाय फार खर्चाचा नाही. ‘सध्या नेरळ ते अमन लॉज गाडी बंद आहे’ याऐवजी ‘जुलै 2024 मध्ये बंद होती’ असे लिहिता येते. गॅझेटिअरमधून काही उचलले तर ‘1882 च्या सुमारास’ एवढे तीन शब्द पुरतात. पनवेल-कर्जत दरम्यानच्या नव्या उपनगरी मार्गाविषयी जे कोणी लिहीत आहेत त्यांनी ‘काम सध्या प्रगतिपथावर’ या वाक्यापुढे महिना आणि वर्ष टाकावे. तो मार्ग सुरू झाल्यावर कर्जतच्या जागांचे भाव, तिथली माणसे, त्यांच्या ‘ह. मु.’चे रकाने, सारेच पुन्हा बदलेल, आणि आजचे वर्णन त्या दिवशी 1856 च्या खोपोलीइतके जुने झालेले असेल. पन्नास वर्षांनी ते वाचणाऱ्याला निदान कोणत्या दिवशीची ती गोष्ट होती एवढे तरी कळेल.